रोज पाऊण तास मिळत नाही, मग चालायचं कधी?

एका ताईंनी पाठवलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. वय ४१, राहायला नाशिकमध्ये पाथर्डी फाट्याला, नोकरी सातपूर एमआयडीसीतल्या एका कंपनीत, अकाउंट्सला. सकाळी पावणेआठला कंपनीची बस, संध्याकाळी सव्वासहाला घरी. दोन मुलं, ७२ वर्षांच्या सासूबाई. गेल्या महिन्यात एचबीएवनसी, म्हणजे रक्तातल्या साखरेची सरासरी सांगणारी तपासणी, ६.१ आलं. डॉक्टर म्हणाले, डायबिटीस अजून झालेला नाही, पण तुम्ही उंबऱ्यावर आहात, रोज ४५ मिनिटं चाला. ताईंनी बूट घेतले, पहाटे साडेपाचला उठून इंदिरानगरच्या जॉगिंग ट्रॅकवर नऊ दिवस गेल्या. दहाव्या दिवशी धाकट्याला ताप आला, मग महिनाअखेर आली, मग पाऊस. आता विचारतात, "माझ्यातच चिकाटी नाही का? बाकीच्यांना वेळ मिळतो तरी कसा?"

ताई, मी फिजिओथेरपिस्ट आहे. नाशिकमध्येच २२ वर्षं प्रॅक्टिस करते आणि हा प्रश्न आठवड्यातून तीन-चार वेळा तरी माझ्यासमोर येतो. आधी चिकाटीचं बोलते. वर्षानुवर्षं पावणेआठच्या आत दोन डबे भरून, पाणी भरून, मुलांचं आवरून जी बाई बस चुकवत नाही, तिच्याकडे चिकाटी नाही असं मी मानणार नाही. तुमची अडचण जागेची झाली. चालणं तुम्ही पहाटेच्या त्या एका तासात नेऊन ठेवलंत, ज्या तासावर अख्ख्या घराचा दिवस उभा असतो. घरात काहीही झालं, कोणी आजारी पडलं, गॅस संपला, पाहुणे आले, तर पहिला धक्का त्याच तासाला बसतो. आणि त्या तासातलं जे फक्त तुमच्यासाठी असतं, तेच आधी सुटतं. नऊ दिवस टिकलं हेच पुष्कळ आहे.

ही चूक मीही बरीच वर्षं केली आहे. कागदावर 'रोज ४५ मि. चालणे' असं लिहून द्यायचे. पेशंट मान डोलवायचे आणि पुढच्या वेळी "हो मॅडम, जमेल तसं चालतो" म्हणायचे. मग मी बुटांचे तळ बघायला लागले. अंबडच्या एका कारखान्यातले सुपरवायझर कंबरदुखीसाठी येत होते. "सहा महिने झाले, रोज चालतोय," असं म्हणाले. टेबलावर झोपताना त्यांनी बूट काढून ठेवले होते, त्यातला एक मी उलटा करून पाहिला. टाचेच्या बाहेरच्या कडेला रबर सगळ्यात आधी झिजतं, ती कड जशीच्या तशी होती. खाचांमध्ये मातीचा कण नव्हता आणि मधोमध मापाचं गोल स्टिकर अजून चिकटलेलं होतं. त्यांना वाईट वाटू नये म्हणून मी काही बोलले नाही. पण बूट माझ्या हातात बघून तेच म्हणाले, "मॅडम, खरं सांगू का, वेळच नाही मिळत."

त्या दिवशी व्यायाम शिकवायचे मी बाजूला ठेवले. त्यांच्या एक्स-रेच्या पाकिटाच्या मागच्या बाजूला त्यांचा कालचा दिवस लिहून काढला, उठल्यापासून झोपेपर्यंत. बाइक कुठे लावली, चहा कोणी आणला, जेवण कुठे केलं, फोनवर किती वेळ होते, कोणाची वाट पाहिली. त्या पाकिटावर दोन गोष्टी निघाल्या. एक, जेवणाची सुट्टी अर्ध्या तासाची होती, जेवण बारा मिनिटांत व्हायचं आणि उरलेला वेळ कँटीनच्या बाकावर मोबाइलमध्ये जायचा. दोन, मुलीच्या क्लासबाहेर ते आठवड्यातून चार दिवस तासभर बाइकवर बसून राहायचे. त्यांना वेगळा वेळ काढावा लागलाच नाही. जेवण झालं की कंपनीच्या कंपाउंडच्या आतून फेऱ्या, आणि क्लास सुरू झाला की बाइक स्टँडला लावून चालायला सुरुवात. सात-आठ महिन्यांनी मानेच्या तक्रारीसाठी परत आले तेव्हा त्यांनी स्वतःच बूट उलटा करून दाखवला. टाचेची कड तिरकी झिजली होती.

तेव्हापासून मी पेशंटला हेच सांगते: चालणं अशा गोष्टीला बांधा जी काहीही झालं तरी रोज होणारच आहे. जेवण होणारच, मुलाला क्लासला सोडावं लागणारच, बस पकडावी लागणारच. मनात आलं की चालू, असं म्हटलं तर चालणं मनावर अवलंबून राहतं, आणि दिवसभर आकडेमोड करून आलेल्या माणसाच्या मनात संध्याकाळी बसावं हेच येतं.

याला जुना आधारही आहे. लंडनमध्ये जेरी मॉरिस नावाचे डॉक्टर होते. त्यांनी तिथल्या दुमजली बसचे ड्रायव्हर आणि कंडक्टर यांची तुलना केली आणि १९५३ मध्ये ती प्रसिद्ध केली. दोघेही एकाच बसमध्ये, बहुतेक सारख्याच परिस्थितीतले. ड्रायव्हर दिवसभर बसलेला, कंडक्टर दिवसाला ५०० ते ७५० पायऱ्या चढणारा. हृदयविकाराचं प्रमाण कंडक्टरांमध्ये कमी निघालं. पुढे याच मॉरिस यांनी हेही तपासलं की ड्रायव्हर मुळातच जाड होते का, आणि काही प्रमाणात तसं होतं. म्हणजे सगळं श्रेय पायऱ्यांचं नव्हे. पण माझ्या मनात राहिलं ते वेगळंच. त्या कंडक्टरांपैकी कोणीही व्यायामासाठी वेळ काढलेला नव्हता. चालणं-चढणं त्यांच्या कामातच होतं, त्यामुळे ते चुकत नव्हतं.

आता ४५ मिनिटांचं. तुमच्या डॉक्टरांनी सांगितलं ते चूक नाही, पण ते सलग असायला हवं असं नाही. जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस मोठ्या माणसांसाठी आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम श्रमाची आहे. पूर्वी त्यात एक अट होती, निदान दहा मिनिटं सलग केलं तरच धरायचं. २०२० च्या शिफारशीत ती अट काढून टाकली. दिवसातली तुकड्या-तुकड्यांची हालचालही आता धरली जाते. १५० ही कमीत कमी पायरी आहे, तिथवर आधी पोहोचा.

दहा हजार पावलांचंही तुम्ही विचारलं आहे. तो आकडा कुठल्या दवाखान्यातून आलेला नाही. १९६५ मध्ये जपानमध्ये पावलं मोजायचं एक यंत्र विकायला आलं, त्याच्या नावाचाच अर्थ 'दहा हजार पावलांचं मीटर' असा होता, आणि तो गोल आकडा जगभर पसरला. २०१९ मध्ये अमेरिकेतल्या १६ हजारांहून अधिक वयस्क स्त्रियांचा, सरासरी वय ७२, एक अभ्यास आला. दिवसाला साधारण ४,४०० पावलं चालणाऱ्या स्त्रियांमध्ये मृत्यूचं प्रमाण २,७०० पावलं चालणाऱ्यांपेक्षा बरंच कमी होतं, आणि ७,५०० च्या आसपास पोहोचल्यावर फायदा वाढायचा थांबला. तुमचं वय त्यांच्यापेक्षा खूप कमी आहे, म्हणून हा आकडा जसाच्या तसा तुम्हाला लावत नाही. पण दहा हजार होत नाहीत म्हणून तीन हजारांवरच थांबायचं, हा विचार मात्र सोडून द्या.

आणि पावलं मोजायचीच असतील तर फोनवर फार विश्वास ठेवू नका. ड्रेसला खिसा नसतो, साडीला तर नसतोच. फोन पर्समध्ये, पर्स टेबलाच्या खणात, आणि आपण तीन मजले चढून स्टोअरमध्ये जाऊन आलो तरी फोनच्या लेखी आपण बसलेलोच. मी पेशंटना मिनिटं मोजायला सांगते, सोपं पडतं.

तुमच्या प्रश्नातलं एक वाक्य मला महत्त्वाचं वाटलं: "घरात तर मी दिवसभर पायांवरच असते, ते धरायचं नाही का?" धरायचं. बसून राहण्यापेक्षा ते कितीतरी बरं आहे. पण ओटा ते फ्रिज, फ्रिज ते टेबल हे चालणं चार-चार पावलांचं असतं, मधे उभं राहणं जास्त. पाय दुखतात, दम मात्र लागत नाही. हृदय आणि स्नायूंना जे काम हवं ते थोडं वेग घेतल्यावर मिळतं. वेग ओळखायचा कसा? चालता चालता बोलता यायला हवं, पण गाणं म्हणायला गेलं तर दम पुरू नये. नाहीतर घड्याळ लावून १५ सेकंदांत पावलं मोजा. २५ च्या वर आली तर मिनिटाला शंभर झाली, तेवढा वेग पुरे.

आता तुमचा दिवस घेते. तुम्ही लिहिलंय त्यावरून मला तीन जागा दिसतात.

पहिली आणि तुमच्यासाठी सगळ्यात मोलाची, दुपारच्या जेवणानंतरची. आपल्याकडे शतपावली आहेच. आजी लोक जेवण झाल्यावर ओसरीवर येरझाऱ्या घालायच्या. शंभर पावलं म्हणजे जेमतेम मिनिटभर, ती बारा मिनिटांपर्यंत न्यायची. यामागचं कारण समजून घ्या, म्हणजे कंटाळा आला तरी पाय उठतील. जेवणानंतर रक्तात साखर चढते. मांडीचे आणि पोटऱ्यांचे स्नायू काम करायला लागले की ते रक्तातली साखर ओढून घेतात, आणि आकुंचन पावणाऱ्या स्नायूला त्यासाठी इन्सुलिनवर फारसं अवलंबून राहावं लागत नाही. उंबऱ्यावरच्या माणसाची अडचण इन्सुलिन नीट काम करत नाही हीच असते, म्हणून ही वाट त्याला विशेष उपयोगी. २०१३ मध्ये एक छोटा अभ्यास झाला होता. साठीच्या पुढचे, साखर वाढण्याचा धोका असलेले फक्त दहा जण. प्रत्येक जेवणानंतर १५ मिनिटं, असं दिवसातून तीनदा चालल्यावर रात्रीच्या जेवणानंतरची साखर एकदाच सलग ४५ मिनिटं चालण्यापेक्षा चांगली आटोक्यात राहिली. दहा जणांवरून मोठा निष्कर्ष काढू नये, पण साखर मोजायचं मीटर घेऊन स्वतःवर करून पाहिलेल्या माझ्या पेशंटचा अनुभवही असाच आहे.

एप्रिल-मेमध्ये दुपारी एकला सातपूरच्या रस्त्यावर चालू नका. ऊन टाळून शेडच्या आतला पॅसेज, जिना, पार्किंगचं छप्पर, जे असेल ते चालेल. एकटीला संकोच वाटत असेल तर एक मैत्रीण बरोबर घ्या. दोघी असल्या की कोणी बघत नाही आणि एकीला कंटाळा आला तर दुसरी उठवते. तुम्ही अकाउंट्सला आहात, तेव्हा ७ तारखेचा टीडीएस आणि २० तारखेचं जीएसटी मला कळतं. त्या दिवशी बारा मिनिटांची पाच होतील, होऊ द्या.

दुसरी जागा तुम्ही कंसात लिहून सोडून दिली आहे. मोठ्या मुलाचा क्लास, आठवड्यातून तीन दिवस, साडेसहा ते साडेसात, इंदिरानगरमध्ये, आणि "त्या वेळी मी बाहेर थांबते". ताई, हा तुमचा सोन्यासारखा तास आहे. संध्याकाळी इंदिरानगरला, कॉलेज रोडला, गंगापूर रोडला कुठल्याही क्लासखाली बघा. पंधरा-वीस आया आणि वडील गाडीवर बसलेले, माना खाली, चेहऱ्यावर मोबाइलचा उजेड. सकाळपासून ऑफिसात बसलेली माणसं इथे येऊन आणखी तासभर बसतात, आणि मग तीच माझ्याकडे मान धरून येतात. मुलाला सोडलं की गाडी तिथेच लावा आणि अर्धा तास चाला. सगळा तास नको. उरलेल्या वेळात भाजी घ्या, फोन करा, नुसत्या बसा. जॉगिंग ट्रॅक जवळ पडत असेल तर उत्तम, नाहीतर दिवे असलेल्या दोन गल्ल्या हेरून त्यांतच फेऱ्या मारा. सिंहस्थाच्या कामांसाठी सध्या बरेच रस्ते खोदलेले आहेत, त्यामुळे अंधारात खाली बघून चालावं लागत असेल तो रस्ता नकोच. पाय मुरगळलेले पेशंट मी पुष्कळ पाहते.

हिशोब तुम्हीच तपासा. दुपारची १२ मिनिटं पाच दिवस म्हणजे ६०. क्लासची ३० मिनिटं तीन दिवस म्हणजे ९०. झाली १५०, आणि पहाटे साडेपाचला उठावं लागलं नाही.

तिसरी जागा रात्रीच्या जेवणानंतरची दहा मिनिटं. ही मी १५० मध्ये धरलेली नाही, कारण तिचं काम वेगळं आहे. ज्या दिवशी बाकी सगळं कोलमडेल, मूल आजारी असेल, क्लास बंद असेल, ऑडिट चालू असेल, त्या दिवशीही ही दहा मिनिटं व्हावीत. पाऊस असेल तर सोसायटीच्या पार्किंगमध्ये किंवा घरातल्या पॅसेजमध्ये. किती कमी चाललं तरी चालेल, ते आपल्या सगळ्यात वाईट दिवसाकडे बघून ठरवावं, असं मला अनुभवाने वाटतं. चांगल्या दिवशी आपण जास्त चालतोच. शून्याचा दिवस आला की दुसऱ्या दिवशी उठणं कठीण जातं, आणि तुमचे ते नऊ दिवस तिथेच संपले.

सासूबाईंबद्दल विचारलंय, "त्यांनाही घेऊन जाऊ का?" जरूर न्या, पण त्यांच्या चालीने चालून तुमचं चालणं होणार नाही. सुट्टीच्या दिवशी त्यांच्याबरोबर सावकाश दहा मिनिटं चाला, मग त्यांना बाकावर ओळखीच्या बायकांमध्ये बसवा आणि तुमच्या वेगाने तुमच्या फेऱ्या घ्या. त्यांना बाहेरची हवा आणि गप्पा मिळतात, आणि "ही रोज कुठे जाते" हा प्रश्नही घरात उरत नाही. रविवारी मुलांना घेऊन पांडवलेणीवर जाता आलं तर सोन्याहून पिवळं. पाथर्डी फाट्याहून ती तुमच्या दारातच आहे. पायऱ्या चढताना दम लागतो, वर गार वारा असतो, मुलंही खूश. उतरताना मात्र सावकाश, गुडघ्यावर भार उतरतानाच जास्त येतो.

काही गोष्टी परिस्थितीवर अवलंबून आहेत, त्या स्पष्ट सांगते, कारण हे उत्तर इतरही वाचतील. तुम्ही साखरेची गोळी घेत नाही, म्हणून मी मोकळेपणाने सांगू शकले. ज्यांना इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारखी गोळी चालू आहे, त्यांची साखर चालल्यावर खाली जाऊ शकते. त्यांनी आपल्या डॉक्टरांना विचारून सुरुवात करावी आणि खिशात साखर किंवा ग्लुकोज ठेवावं. चालताना छातीत दडपण येतं, थांबलं की जातं, असं होत असेल तर चालणं वाढवायचं नाही, आधी हृदयाची तपासणी. सकाळी पलंगावरून उतरताना पहिलं पाऊल टेकवलं की टाचेत कळ येते, अशांनी आधी टाचेवर उपचार घ्यावेत. आणि सकाळी दवाने ओल्या गवतावर अनवाणी चालायचा सल्ला अनेकांना मिळतो. ज्यांना जुना डायबिटीस आहे, तळपायाची संवेदना कमी झाली आहे, त्यांनी तो कृपा करून पाळू नये. काटा रुतला तरी कळत नाही, आणि कळतं तेव्हा जखम चिघळलेली असते. हे मी फार जवळून पाहिलं आहे.

गुडघ्यांचं तुम्ही ओझरतं लिहिलंय, "थोडे कुरकुरतात". आवाज येतो पण दुखत नाही, तर काळजी करू नका. थोडं दुखलं तर दुसऱ्या दिवशी सकाळी काय वाटतं ते बघा. रात्रीत शमलं तर तेवढंच चालू ठेवा. सकाळी आदल्या दिवसापेक्षा जास्त दुखत असेल किंवा सूज असेल, तर मिनिटं निम्मी करा आणि कोणाला तरी दाखवा. पहिल्याच आठवड्यात १५० गाठायला जाऊ नका. पहिले पंधरा दिवस फक्त दुपारची बारा मिनिटं. ती डबा धुण्याइतकी सवयीची झाली की क्लासचे दिवस जोडा.

त्या नव्या बुटांचंही सांगते. ते आता घराच्या चपलांच्या स्टँडवर असतील. उद्या पिशवीत घालून कंपनीत न्या आणि टेबलाच्या खालच्या खणात कायमचे ठेवून द्या. जेवणाच्या डब्याचं झाकण लावलं की चपला काढायच्या आणि बूट चढवायचे. क्लासच्या दिवसांसाठी जुनी सँडल असेल तर गाडीच्या डिकीत टाका, मागे पट्टा असलेली, नुसती चप्पल नको. पावसाळ्यात गाडीत छत्रीऐवजी रेनकोट ठेवा, हात मोकळे राहिले की चाल सुटते.

एचबीएवनसी साधारण गेल्या तीन महिन्यांची सरासरी दाखवतं, त्यामुळे महिन्याभरात परत तपासून निराश होऊ नका. आज ऑगस्ट चालू आहे असं धरलं तर दिवाळीचा फराळ झाल्यावर, नोव्हेंबरच्या शेवटी करा. आकडा ६.१ वरून ५.९ झाला तरी मला आनंद होईल, आणि ६.१ वरच थांबला तरी तो वर गेलेला नाही, हे तुमच्या डॉक्टरांनाही दिसेल. तो रिपोर्ट आला की कळवा, आणि बुटाच्या टाचेची बाहेरची कड किती झिजली तेही.